कवी अज्ञात, मुक्काम आमच्याच घरी

माझा नवरा अज्ञात आहे, हे मला एका छापील पुस्तिकेवरून कळलं. तोवर मी त्याला फिलिमोने या नावाने ओळखत होते. शाळेची बस चालवणारा, जेवताना मोठमोठे भुरके मारणारा, चपला कुठे काढल्या ते कधीच न आठवणारा फिलिमोने. पुस्तिकेत मात्र 'धक्क्याची दोरी' या गाण्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पारंपरिक, कवी अज्ञात. आणि अज्ञात त्या वेळी आमच्या परसात डुकरांना नारळ फोडून घालत होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तशीच पुस्तिका घेऊन मागे गेले.

"हे बघ. तू अज्ञात आहेस."

त्याने हात लुंगीला पुसले, पुस्तिका लांब धरून वाचली. "छापणाऱ्याची चूक असेल."

"छापणाऱ्याची कशाला? समितीची आहे. बाकीच्यांची नावं बरी सापडली त्यांना. तुझ्या वरच्या गाण्याला पाद्रीबुवांच्या आजोबांचं नाव आहे, आणि त्यांनी जन्मात एकच गाणं केलं, तेही बेसूर."

"बेसूर नाही ते," फिलिमोने म्हणाला. "फक्त लांब आहे."

माझा नवरा हा असा आहे. त्याचं कोणी ताट ओढून नेलं तर हा विचारेल, भाजीला मीठ बरोबर होतं ना? त्याच्या वाटचं रागावण्याचं काम लग्न झाल्यापासून मीच करत आले आहे, आणि आता त्यात मी चांगली तयार झाले आहे.

आमच्या टोंगा बेटांवर गाणी करणारे पुष्कळ. खडा मारला तर एखाद्याला लागेल. पण फिलिमोनेचं गाणं वेगळं कळतं. तो शिकलेला नाही. चर्चच्या गायकवृंदात फळ्यावर आकडे लिहून सूर शिकवतात, तेवढी त्याची विद्या. बाकीचं तो बसमध्ये शिकला. सकाळी पोरांना खाजणाच्या कडेने शाळेत सोडायचं, दुपारी आणायचं, मधल्या वेळात रिकामी बस नीरफणसाच्या झाडाखाली लावून स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचं. तो म्हणतो की त्याची चाल नेहमी दुसऱ्या गिअरमध्ये सापडते. पहिल्यात गाडी नुसती कण्हते, तिसऱ्यात घाई असते. दुसऱ्यात ती एक खालचा सूर धरते आणि सोडत नाही, मग वरचे तीन आवाज आपोआप सुचतात. गॅरेजवाल्याने एकदा गिअरबॉक्स बदलली तर याला महिनाभर काही सुचेना. मला वाटलं हा आजारी पडला.

संध्याकाळी तो कावाच्या बैठकीला जातो. पुरुष चटयांवर गोल बसतात, मुळीचं मातकट पाणी करवंटीतून पितात आणि गातात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हे पिण्यासाठी जमलेत. मी पडवीतून ऐकत आले आहे, मला माहीत आहे की पिणं हे निमित्त. तिथे तो जे बोलतो ते घरी बोलत नाही. एकदा कोणा तरुणाने नवं गाणं केलं होतं, विरहाचं, त्यात रडणं, मरणं, फुटलेलं काळीज, सगळं होतं. फिलिमोनेने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दुःख अर्धंच घाल रे. उरलेलं म्हणणाऱ्याला आणू दे. तू सगळं आणलंस तर तो बिचारा काय आणणार?"

दुसरं त्याचं एक म्हणणं असं की एकट्याने गायलेलं गाणं गाणं नाहीच. एकट्या माणसाचं खरं कोण मानतं? चार आवाज एकदम तीच गोष्ट वेगवेगळ्या उंचीवरून सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, असेल बुवा खरं. आणि तिसरं म्हणणं, जे मला अजिबात पटत नाही, ते असं की गाणं लोकांनी उचललं की करणाऱ्याने बाजूला व्हावं. "पोरगी सासरी गेली की आपण तिच्या चुलीपाशी जाऊन बसत नाही," असं तो म्हणायचा. मी म्हणायची, बसू नको, पण बाप कोण ते तर माहीत असू दे.

'धक्क्याची दोरी' हे गाणं माझ्यावर केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी माझी कीव करायला नको. वावाउ बेटाची एक मुलगी मास्तरीण व्हायला इकडे आली होती, आणि शिकून बोटीने परत गेली. हा धक्क्यावर उभा होता. बोटीची दोरी खलाशाने सोडली आणि तिच्या हातात हलवायला काही दिसलं नाही, रुमालसुद्धा नाही, असं तो सांगतो. पुढे तिने पोलिसाशी लग्न केलं आणि चांगली जाड झाली. गाणं मात्र बारीकच राहिलं:

दोरी सुटली धक्क्याची, बोट लागली वाटेला,
भरती आली पायाशी, मी कसा मागे वळू?

लग्नाआधी मी हे ऐकलं तेव्हा मला त्या मुलीचा राग आला आणि करणाऱ्याबद्दल कुतूहल वाटलं. म्हणजे एका परीने त्या गाण्यानेच मला इथे आणलं. आज ते गाणं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बोटीवर, ऑकलंडला गेलेल्या आमच्या पोरांच्या प्रत्येक बैठकीत म्हटलं जातं. तिथल्याच एका टोळीने ते ढॅणढॅण बाजा लावून रेकॉर्ड केलं आणि वर लिहिलं, पारंपरिक. समितीने ते तिथून उचललं.

समिती म्हणजे कितिओने. बाकीचे सभासद मान हलवायला. कितिओने शेजारच्या गावचा, कस्टममधून निवृत्त झालेला, आणि सगळं आयुष्य बंदरावर गेल्यामुळे कागदाशिवाय त्याला कुठलीच वस्तू खरी वाटत नाही. पूर्वेकडच्या गावांचा गाण्यानाचाचा उत्सव भरणार होता, त्यासाठी ही पुस्तिका, आणि आमच्या हाती आलेला हा तिचा कच्चा खर्डा. कोणाची हरकत असेल तर कळवा, असं मागच्या पानावर होतं. मी फिलिमोनेला धुतलेला शर्ट घातला, मोठ्यांपुढे जाताना आमच्यात गुंडाळतात तशी कमरेला चांगली चटई गुंडाळली आणि त्याला कितिओनेच्या दारात नेऊन उभा केला.

कितिओनेने आम्हांला बसवलं, चहा दिला. तो उद्धट नाही, हीच तर अडचण.

"फिलिमोने, बाबा, गाणं सुंदर आहे," तो म्हणाला. "पण ते माझी आजी म्हणायची. मी रेडिओवर तसं सांगितलंय."

"तुमची आजी गेली तेव्हा हा शाळेत पाढे म्हणत होता," मी म्हणाले.

"मग कोणीतरी त्याच्या आधी केलं असेल."

"आणि याच्या स्वप्नात येऊन सांगितलं असेल."

"लोसालिने," फिलिमोने हळूच म्हणाला. मी गप्प बसले. दोन घोट चहा पिईपर्यंत.

"हे बघा," कितिओने म्हणाला, "उद्या दहा जण येतील, हे माझं, ते माझं म्हणत. माझा नियम साधा आहे. गाणं होताना ज्याने ऐकलं असा साक्षीदार आणा. समितीसमोर त्याने सांगावं आणि म्हणून दाखवावं. बायको चालणार नाही, ती नंतर आली."

परत येताना फिलिमोने पहिल्यांदा चिडलेला दिसला. म्हणजे बस चालवताना शिट्टी वाजवली नाही, त्यावरून मी ओळखलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "जुनं म्हणाले असते तर चाललं असतं. पण अज्ञात? मी रोज त्याच्या दारावरून हॉर्न वाजवत जातो."

साक्षीदार कुठून आणायचा? त्या वेळच्या बैठकीतला एक जण वारला. दुसरा ऑकलंडला मुलीकडे असतो आणि त्याला आता मुलीचंही नाव आठवत नाही. राहिल्या फक्त मेलेनाइते. फिलिमोनेची थोरली बहीण, माझ्या वन्सं.

इथे मला आमच्या वन्संबद्दल बोललं पाहिजे, आणि ते मला गोड शब्दांत जमणार नाही. आमच्याकडे बहिणीचा मान भावाच्या वर. माझ्या मुलीच्या लग्नात सगळ्यांत बारीक विणीची चटई, जी माझ्या आईने डोळे फोडून विणली होती, ती वन्संकडे गेली, कारण रीतीने ती आत्याचीच. मी हूं की चूं केलं नाही. वन्सं घरात आल्या की फिलिमोने उठून मागे जातो. बहीणभावाने एका खोलीत रेंगाळायचं नाही, एकमेकांसमोर थट्टामस्करी करायची नाही, आणि प्रेमाचं गाणं तर ऐकायचंच नाही. उठायचं असेल तर भावाने उठायचं. सणासमारंभात, गर्दीत, जुनी गाणी लागली तर हल्ली कोणी उठत नाही. ती कोणाचीच नसतात, त्यामुळे लाजही कोणाची नसते. पण भावाने स्वतः केलेलं गाणं, तेही एका मुलीच्या मागे लागून? ते बहिणीच्या कानावर त्याच्यादेखत पडणं म्हणजे भर चर्चमध्ये कपडे उतरवणं. आमच्या पडवीत वन्सं बसलेल्या असताना रेडिओवर 'धक्क्याची दोरी' लागलं की फिलिमोने डुकरांकडे पळायचा, मी रेडिओ बंद करायची आणि वन्सं भिंतीकडे बघत कोनफळांचे भाव विचारायच्या. आमची डुकरं उगाच नाही एवढी माजली.

तर मी वन्संकडे गेले. त्या छपरीत ओंडक्यापाशी बसून झाडाच्या सालीचं कापड कुटत होत्या. त्यांच्या मोगरीचा ठेका सगळ्या गावाला पाठ आहे.

"वन्सं, एक काम होतं."

"कोनफळं संपली?"

"नाही. गाण्याचं काम होतं."

मोगरी थांबली. "कसलं गाणं?"

"तुम्हांला माहीत आहे कसलं."

"मला काही माहीत नाही, लोसालिने. मी ते गाणं कधी ऐकलेलं नाही." त्यांनी साल उलटी केली, पाणी शिंपडलं, दोन ठोके घातले. मग म्हणाल्या, "भरतीच्या जागी त्याने आधी समुद्र घातला होता. मागच्या चुलीपाशी बसून कितीतरी दिवस समुद्र, समुद्र. मग एके दिवशी भरती झाली. तेव्हा कुठे ते उभं राहिलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"ऐकलं नाही म्हणते ना, म्हणजे ऐकलं नाही," त्या म्हणाल्या.

मी त्यांना पुस्तिका दाखवली. त्यांनी चष्मा आणला, वाचलं. चेहऱ्यावर काही दिसेना, पण पुस्तिका ठेवताना त्यांनी ती ओल्या ओंडक्यावर पालथी ठेवली.

"अज्ञात," त्या म्हणाल्या. "आमच्या आईला हा पोटात असताना कोनफळाचा वाससुद्धा सोसत नव्हता. गावभर माहीत होतं. आणि आता हा अज्ञात?"

"येता मग?"

"येते. तो बाहेर थांबेल. लांब, समुद्राच्या बाजूला. मग मी सांगेन, आणि म्हणायचं तर म्हणेनही. चर्चमध्ये वरचा आवाज माझाच असतो, एवढं तू विसरू नकोस."

त्या दिवशी मला वन्सं पहिल्यांदा आवडल्या. चटई गेली ती गेली, पण आवडल्या.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. समोर टेबल, टेबलामागे कितिओने आणि मान हलवणारे. भिंतीकडेला गावातली माणसं, कारण फुकटचा तमाशा कोण सोडतो? मागच्या दाराशी बायका जेवणाची तयारी करत होत्या, अळूच्या पानांत गुंडाळलेलं मटण भट्टीतून नुकतंच निघालं होतं, आणि पानं मांडत होती कितिओनेची धाकटी बहीण तोआकासे. फिलिमोने खाली चटईवर मांडी घालून बसला होता. वन्सं आत आल्या तसा तो सवयीने उठायला लागला.

"बस," कितिओने म्हणाला. "साक्ष व्हायची आहे."

"मी बाहेर थांबतो," फिलिमोने म्हणाला. "ती सांगेल."

"दावेदार समोर हवा. नियम आहे. उद्या कोणी म्हणेल, पढवून आणलं आणि स्वतः पळाला."

मला राहवलं नाही. "कितिओने, तुम्ही इथलेच ना? का बोटीतून कालच उतरलात? त्याला बाहेर जाऊ द्या."

"बाहेर गेला तर दावाही बाहेर गेला," तो म्हणाला. आणि मग, त्याला वाटलं की आपण समजुतीने बोलतोय, असा आवाज काढून, "आणि एवढं अवघडायचं काय कारण? जुन्या गाण्याला हल्ली कोणी उठत नाही. मेलेनाइतेबाईंसारख्या थोरांनी दोन ओळी म्हटल्या तर काय बिघडतं?"

"जुनं असतं तर बिघडलं नसतं," मी म्हणाले. "याने केलंय म्हणून बिघडतं. तेच तर सिद्ध करायला आलोय ना आम्ही?"

सभागृहात कोणीतरी हसलं. कितिओने हसला नाही. त्याला सगळं कळत होतं. परदेशातला माणूस असता तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, बिचाऱ्याला रीत माहीत नाही. हा आमच्यातला, चार बहिणींचा भाऊ. रीत कुठे बोचते हे ज्याला माहीत आहे तोच नेमकं तिथे बोट ठेवू शकतो. त्याने ते ठेवलं आणि वर नियम म्हणून सांगितलं.

वन्सं मध्यभागी उभ्या होत्या. त्यांनी काळा पोशाख घातला होता, कमरेला आईची जुनी चटई होती. त्यांनी फिलिमोनेकडे पाहिलं नाही. फिलिमोनेने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी दोघांकडे पाहत होते, म्हणून मला दिसलं की वन्संनी श्वास भरून घेतला. गाण्याआधी घेतात तसा. आपल्या भावाच्या नावासाठी ही बाई आयुष्यभर जपलेली लाज भर सभेत टाकायला निघाली होती.

तेवढ्यात फिलिमोने बोलला. मान खाली, आवाज बसमध्ये पोरांना उतरायला सांगताना असतो तेवढाच.

"गाणं माझं नाही."

कितिओने म्हणाला, "काय?"

"गाणं माझं नाही. मी कुठूनतरी ऐकलं असेल. माझी चूक झाली."

सभागृहात भिंतीपासून भिंतीपर्यंत माना खाली गेल्या. एकालाही सांगावं लागलं नाही की हा का खोटं बोलला. म्हातारे जमिनीकडे बघत होते, तोआकासेने हातातलं पान तसंच धरलं होतं. आणि कितिओनेने, ज्याला सगळ्यांइतकंच कळलं होतं, त्याने शेजारच्याला सांगितलं, "लिहून घ्या. दावा मागे."

मला त्या क्षणी टेबल उलटं करावंसं वाटलं. खरंच सांगते, हात शिवशिवले. पण वन्सं अजून उभ्या होत्या, आणि त्या उभ्या असताना मी काही करायचं नसतं.

"कितिओने," त्या म्हणाल्या, "तोआकासेला पुढे बोलव."

"कशाला, बाई?"

"बोलव तर. इथे बसव, तुझ्यासमोर. आणि तिच्याकडे बघून हे गाणं तू म्हण. तुझ्या आजीचं आहे ना? कोणाचंच नाही ना? मग म्हण. तुझ्यानंतर मी म्हणते."

तोआकासे पान टाकून मागच्या दाराने निघून गेली. कितिओनेचे कान लाल झाले. त्याने पाण्याचा पेला उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"दावा मागे घेतला आहे," तो म्हणाला. "विषय संपला."

"माझ्या भावाने खोटं सांगितलं," वन्सं म्हणाल्या. "का सांगितलं ते या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. तुला सर्वांत आधी. आता तुला काय लिहायचं ते लिही." आणि त्या निघाल्या. फिलिमोने त्या दारातून दिसेनाशा होईपर्यंत बसून राहिला, मग उठला आणि दुसऱ्या दाराने बसकडे गेला. आम्ही त्या मटणाला हात लावला नाही.

घरी आल्यावर मी त्याला बोलायचं ते बोलले. सगळं बोलले. नाव काय रस्त्यावर पडलं होतं का, एकदा तिने म्हटलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं, आमच्या नातवंडांना काय सांगायचं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तिने ते म्हटलं असतं ना, लोसालिने, तर ते गाणं मला परत कधी ऐकवलं नसतं. माझ्यापाशी नाव राहिलं असतं आणि गाणं गेलं असतं."

"आणि आता?"

"आता नाव गेलं."

मी भांडी घासायला घेतली आणि जरा जोरात घासली.

पक्की पुस्तिका आली. चकचकीत, रंगीत, पहिल्या पानावर कितिओनेचा फोटो. आणि गाण्याखाली तेच, पारंपरिक, कवी अज्ञात. वर आणखी एक ओळ वाढवली होती, की हे गाणं अध्यक्षांच्या आजीच्या मुखातून जतन झालं. मेलेल्या बाईलाही सोडलं नाही त्याने.

उत्सवाला गावोगावचे गायक न्यायला शाळेचीच बस ठरवली होती. म्हणजे अज्ञाताने अज्ञाताचं गाणं म्हणणारी पोरं स्वतः गाडी चालवून नेली, आणि पोरं मागे बसून वाटभर तेच घोकत होती. एक मुलगी खालचा सूर चुकत होती तर याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि म्हणाला, हा धर. मी शेजारच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होते, कारण मला रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्ही एकदम मला शोभत नाही.

मंडप भरलेला होता. पहिल्या रांगेत सरदार, पाद्री, मानकरी, आणि जिल्ह्यातल्या कापड कुटणाऱ्या बायकांच्या वतीने मेलेनाइते. फिलिमोने आणि मी मागे, खांबाजवळ, तो मुद्दाम दाराच्या बाजूला बसलेला. मला ठाऊक होतं की त्याने दार आधीच हेरून ठेवलंय. गाणी झाली, नाच झाले, अंगाला तेल चोपडलेली पोरं उड्या मारून गेली. मग कितिओने माइकपाशी आला आणि आजीचं पुराण लावून म्हणाला, आता ऐका आपल्या पूर्वजांचं गाणं, ज्याचा कर्ता काळाच्या उदरात हरवला.

काळाच्या उदरात हरवलेला माझ्या शेजारी चपला शोधत होता. त्याला उठायचं होतं.

पोरांनी सूर धरला. खालचा आवाज आधी, घट्ट, सकाळी शिकवला होता तसा. फिलिमोने गुडघ्यावर हात टेकून अर्धा उठला, आणि तसाच थांबला. कारण पहिल्या रांगेत वन्सं उठल्या होत्या.

त्या सावकाश उठल्या. सरदारांसमोरून वाकून, रीतीप्रमाणे हात जमिनीकडे करून गेल्या. घाई केली नाही. मधल्या वाटेने, सगळ्या मंडपाच्या देखत, शेवटपर्यंत चालत आल्या. आमच्या रांगेजवळून गेल्या तेव्हा त्यांनी भावाकडे पाहिलं नाही. दाराबाहेर गेल्या आणि उन्हात, गाणं ऐकू येणार नाही इतक्या लांब, पाण्याच्या टाकीपाशी पाठ करून उभ्या राहिल्या.

आमच्याकडे बहीण उठत नाही. उठतो तो भाऊ. आणि जुन्या, कोणाच्याच नसलेल्या गाण्याला तर कोणीही उठत नाही. लोकांच्या माना आधी वन्संच्या मागे वळल्या, मग एकेक करून आमच्या खांबाकडे.

फिलिमोने खाली बसला. त्याने आपलं गाणं भर मंडपात, सगळ्यांबरोबर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं. भरतीच्या ओळीला त्याचे ओठ हलले. मला वाटतं तो चौथा आवाज म्हणत होता.

गाणं अजून चालू असतानाच कितिओने बाजूने आमच्यापाशी आला. चेहरा उतरलेला. वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "मेलेनाइतेबाईंना बरं नाही का? सरदार विचारतायत."

"ठणठणीत आहेत," मी म्हणाले. "भावाचं गाणं लागलं, म्हणून उठल्या. सरदारांना असंच सांगा." आणि हे मी त्याच्या कानात सांगितलं नाही.